देणारा कोण, घेणारा कोण?

खटकचिंचोळी हे गाव बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात आहे. या सीमाभागातील मराठी मुलाच्या कानावर लहानपणापासून तीन भाषा पडतात : घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कानडी, व शेजारीपाजारी दखनी उर्दू. देण्याघेण्याच्या कागदाची भाषा मात्र येथे पिढीगणिक बदलत आली. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी दफ्तर उर्दूत असे आणि व्यवहार हाली सिक्क्यात होई. पुढे सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा दर धरण्यात आला; 1951 मध्ये हाली चलन काढणे थांबले आणि 1959 मध्ये ते कायमचे रद्द झाले. दरम्यान 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर म्हैसूर राज्यात गेले व दफ्तरात कानडी आली. आज बँकेचा करारनामा किंवा शहरातील नोकरीचे नेमणूकपत्र हाती येते, तेव्हा त्यावरील भाषा पुष्कळदा इंग्रजी असते. नाणे बदलले, लिपी बदलली. पण कागदाला विचारावयाचा प्रश्न एकच राहिला : देणारा कोण आणि घेणारा कोण?

शाळेत इंग्रजी व्याकरण शिकलेला विद्यार्थीही नेमका याच प्रश्नाशी अडखळतो. त्याचे कारण बुद्धीच्या उणिवेत नाही, सवयीत आहे. मराठीत ‘रामाने शंकराला शंभर रुपये दिले’ असे म्हणा, अथवा ‘शंकराला रामाने शंभर रुपये दिले’ असे म्हणा. अर्थ तिळभरही ढळत नाही. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला घट्ट धरून ठेवतात. कानडीत हेच काम ‘शंकरनिगे’मधील ‘इगे’ करते, उर्दूत ‘शंकर को’मधील ‘को’ करतो. तिन्ही भाषांत नात्याची खूण नामाच्या मागे लागते, आणि म्हणून शब्द कोठेही बसले तरी चालते. इंग्रजीत नामाला अशी खूण नाही. ‘राम गेव्ह शंकर अ हंड्रेड रुपीज’ या वाक्यात देणारा कोण हे केवळ जागेवरून ठरते. दोन नावांची अदलाबदल केली, की पैसे उलट दिशेने वाहू लागतात.

याचे उत्तम उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे. शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन हिंदीत आणि इंग्रजीत छापलेले असते. हिंदीत ‘मैं धारक को एक सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ’ असे आहे. इंग्रजीत ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज’. हिंदीतील ‘को’ या शब्दाला इंग्रजीत जोड नाही. ‘पे’ या क्रियापदाच्या लगेच पुढे ‘बेअरर’ आला, म्हणून तो घेणारा. त्याच्या पुढे ‘सम’ आली, म्हणून ती घ्यावयाची वस्तू. नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत तिची किंमत लिहिलेली असते व त्यांत मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही आहेत. इतके स्वस्त आणि इतके नेमके क्रमिक पुस्तक दुसरे मिळणे कठीण.

दुसरी अडचण ‘मला’ या शब्दाची. ‘मला पैसे हवेत’, ‘मला पगार मिळाला’, ‘मला शंकराचे शंभर रुपये देणे आहे’, या तिन्ही वाक्यांत माणूस चतुर्थीत उभा आहे. इंग्रजी त्याला उचलून कर्त्याच्या जागी बसवते : ‘आय वॉन्ट मनी’, ‘आय रिसीव्हड माय सॅलरी’, ‘आय ओ शंकर अ हंड्रेड रुपीज’. ‘ओ’ या एवढ्याशा क्रियापदात आपले ‘देणे आहे’ सामावलेले असते. तसेच ‘उसने’ या शब्दाचे. मराठीत उसने देतात आणि उसने घेतात. शब्द एक, क्रियापदे दोन. इंग्रजीत देणारा ‘लेंड’ करतो आणि घेणारा ‘बॉरो’ करतो. या दोहोंत घोटाळा झाला, तर ऋणको सावकार होऊन बसतो. ‘आय पेड’ म्हणजे मी पैसे दिले. ‘आय वॉज पेड’ म्हणजे मला मिळाले. मधला ‘वॉज’ गळाला, तर मजुरी न मिळाल्याची तक्रार करणारा मजूरच मजुरी देणारा ठरेल.

मोजण्याचीही रीत निराळी आहे. आपले ‘पैसे’ अनेकवचनी, तर ‘मनी’ कधी अनेकवचनात जात नाही असे समजून चालावे. आपण दहा कामे सांगतो. इंग्रजीत ‘वर्क’ मोजत नाहीत, ‘जॉब’ मोजतात. ‘वर्क्स’ म्हटले, की बहुधा कारखाना किंवा बांधकाम असा अर्थ होतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी नावात तोच शब्द आहे. ‘बाय’ हा शब्द तर तीन वेषांत येतो : ‘बाय द कॉन्ट्रॅक्टर’ म्हणजे कंत्राटदाराकडून, ‘बाय चेक’ म्हणजे धनादेशाने, आणि ‘बाय द सेव्हन्थ’ म्हणजे सात तारखेपर्यंत. सात तारखेलाच नव्हे, तर सात तारीख ओलांडण्यापूर्वी केव्हाही.

हे सारे परीक्षेतील गुणांपुरते असते, तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु सहीचा प्रसंग येतो तेव्हा व्याकरणाची किंमत रुपयांत मोजावी लागते. शेजाऱ्याच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्यापुढील कागदात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ हे शब्द असतात. शाळेत ‘सेव्हरल’ म्हणजे ‘कित्येक’ असे शिकविलेले असते. येथे त्याचा अर्थ ‘प्रत्येकी स्वतंत्रपणे’ असा आहे. म्हणजे सर्व सह्या करणारे मिळून तर बांधलेले आहेतच, पण त्यांतील कोणा एकाकडून संपूर्ण रक्कम मागण्याचा अधिकारही सावकाराला राहतो. वाटणीने आपला हिस्सा भरला की सुटलो, ही समजूत त्या एका क्रियाविशेषणाने खोटी ठरते.

1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यात वाचनाला आणखी महत्त्व दिले आहे. वचनचिठ्ठीवर किंवा धनादेशावर आकड्यांतील रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत फरक पडला, तर अक्षरी रक्कम खरी मानावी असा त्यात नियम आहे. ज्याला केवळ आकडे वाचता येतात, त्याने कागदाचा निर्णायक भाग वाचलेलाच नसतो. रक्कम केव्हा द्यावयाची हे वचनचिठ्ठीत लिहिले नसेल, तर ती मागताक्षणी देय ठरते. मुद्रांकाच्या कोऱ्या कागदावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्या मुद्रांकाला पुरेल इतकी रक्कम त्यात भरण्याचा अधिकार सही करणाऱ्यानेच दिला असे धरले जाते.

म्हणून वाचनाचा सराव गोष्टीच्या पुस्तकाबरोबर घरातील कागदांवरही व्हावा. नोट, वीजबिल, पावती, बँकेचे पासबुक, नेमणूकपत्र या क्रमाने जावे. प्रत्येक वाक्यातील क्रियापद प्रथम शोधून त्याखाली रेघ ओढावी, आणि मग चार प्रश्न विचारावेत : कोण देतो, कोणाला देतो, केव्हापर्यंत, आणि कोणत्या अटीवर? ‘इफ’, ‘अनलेस’, ‘विदिन’ हे छोटे शब्द शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे देतात. ‘अनलेस’च्या पोटात नकार दडलेला असतो, हे विसरू नये. शेवटी ते वाक्य मराठीत मोठ्याने सांगावे. ज्या वाक्यातील ‘ने’ आणि ‘ला’ कोणाला लावावे हे निश्चित सांगता येत नाही, ते वाक्य अजून समजलेले नाही.

तीन भाषांत वाढलेल्या मुलाला ही परीक्षा जड जाऊ नये. एकच व्यवहार तीन तऱ्हांनी बोलावयाची त्याला सवय असते; चौथी तऱ्हा जागेवर चालते, एवढे त्याला सांगावयाचे. सही मात्र त्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच करावी.