शेलूबाजारहून लोणार : उन्हाळ्यात जायचे तर उजाडता उजाडता

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेलूबाजारकरांना लोणार जवळ आले. इथल्या इंटरचेंजवरून चढायचे, मेहकरला उतरायचे. दुचाकीला समृद्धीवर बंदी. त्यांच्यासाठी मालेगाव, डोणगाव, मेहकर हा जुनाच रस्ता.

उन्हाळ्यात खरा प्रश्न असतो वेळेचा. उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, काठापासून जवळपास १५० मीटर खोल. उतरताना काही वाटत नाही. दम निघतो तो परत चढताना, ऊन डोक्यावर आल्यावर. समोर एवढे तळे, पण घोटभरही पाणी पिण्याजोगे नाही, इतके ते खारे. गोड्या पाण्याची धार पडते ती वर, काठाजवळच्या गोमुखातून. त्यामुळे बाटल्या भरूनच खाली उतरावे आणि दहाच्या आत वर यावे. दुपार गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या दगडी गारव्यात काढावी. कोरीव काम पाहायला घाईही नको.

आणि ते गुलाबी पाणी? जून २०२० मध्ये पाणी आटले, क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तळे रंगवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हे स्पष्ट झाले. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. तोच पाहायला म्हणून जाणाऱ्यांना बहुतेक वेळा हिरवेच पाणी दिसते.