पाळीव बेडकाचे अन्न

बेडूक पाळावयाचा आणि त्यास किडे खाऊ घालावयाचे, हे ऐकून श्रोत्यांपैकी काहींना हसू येईल. परंतु आपल्याकडे लोक हौसेने मासे पाळतात, तसे युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे झाडावर राहणारे बेडूक काचेच्या पेटीत पाळतात. त्यांपैकी एक लोकप्रिय जात म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीमधील हिरवा झाडबेडूक. जॉन व्हाइट या शल्यवैद्याच्या १७९० सालच्या प्रवासवर्णनाने त्याची जगाला ओळख झाली. सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा हा शांत प्राणी नीट सांभाळल्यास १५ वर्षांहून अधिक जगतो. मात्र रोज पोटभर खाऊनही तो कुपोषणाने मरू शकतो. हे कसे घडते, ते आपण पाहू.

१९५९ साली अमेरिकेत लेटविन, मातुराना, मॅक्कुलक व पिट्स या चौघांनी बेडकाच्या डोळ्यांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. लहान, काळसर वस्तू हलत डोळ्यांपुढे आली, की बेडकाच्या डोळ्यातील काही मज्जातंतू विशेष जागे होतात, असे त्यांना दिसले. निश्चल किड्यांच्या राशीत बसवला तरी बेडूक उपाशी राहील. म्हणून त्याला जिवंत किडा लागतो. पण हलते ते खावे एवढेच तो जाणतो. त्यात सत्त्व किती, हे त्यास कळत नाही.

रानात यामुळे बिघडत नाही. पावसाळ्यात आपल्या न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा बेडूक पतंग, झुरळ, कोळी, मुंगी असे नाना प्रकारचे भक्ष्य मिळवतो. एकात जे उणे, ते दुसऱ्यात मिळते. त्याला धरून पाळण्याच्या खटाटोपात पडू नये. तो आपले पाहून घेतो. पेटीतल्या बेडकाला मात्र आपण देऊ तेवढेच मिळते.

बहुतेक पाळणारे रातकिडे देतात. ते वाढवण्यास सोपे व चपळ असतात, आणि मुख्य अन्न म्हणून चांगलेही आहेत. त्यांत एक मोठी उणीव आहे. बेडकाच्या अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, शक्य तर त्याहून अधिक असावे. रातकिड्यात उलट फॉस्फरसच कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. मग शरीर हाडांतले कॅल्शियम काढून आपली गरज भागवते. जबडा मऊ पडतो, पाठ वाकते, पाय थरथरतात. बाहेरून गुबगुबीत दिसणारा बेडूक आतून पोखरला जातो.

यावर उपाय साधा आहे. किडा पेटीत सोडण्यापूर्वी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावा. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व लागते. अ जीवनसत्त्वही हवे, कारण त्याच्या अभावी जिभेचा चिकटपणा जाऊन भक्ष्य निसटते. ही जीवनसत्त्वे मात्र बेतानेच द्यावीत. शिवाय आधी एक-दोन दिवस किड्यालाच गाजर, हिरवा पाला व कॅल्शियमयुक्त खाद्य खाऊ घालावे. किड्याच्या पोटात जे असेल तेच बेडकाच्या पोटात जाणार. गाईचा चारा पाहावा, तसा किड्याचा चारा पाहिला पाहिजे.

आता निवडीकडे वळू. रातकिडे व मुद्दाम वाढवलेली झुरळे हे नित्याचे अन्न. टोळ आणि गांडूळ अधूनमधून. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत कॅल्शियम पुष्कळ असते. पोळ्यातले मेण खाणारी अळी बेडकाला फार आवडते, पण तिच्यात चरबी फार. ती मिठाईसारखी क्वचितच द्यावी. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून रुंद नसावा. पिलांना चिलटे व बारीक रातकिडे रोज द्यावेत. पूर्ण वाढलेल्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. अधिक दिल्यास तो लठ्ठ होतो. उरलेले रातकिडे काढून घ्यावेत. भुकेले रातकिडे बेडकाच्या कातडीलाही चावे घेतात.

बागेतला किडा फुकट मिळतो, पण त्याच्या अंगावर फवाऱ्याचे विष असू शकते. घरात औषध मारून अर्धमेले झालेले झुरळ तर देऊच नये. काजवाही वर्ज्य करावा. अमेरिकेत काजवे खाऊन पाळीव सरडे मेल्याची उदाहरणे नमूद आहेत.

प्राणी पेटीत ठेवला, की त्याचे स्वातंत्र्य आपण घेतो, आणि त्याबरोबर त्याच्या अन्नाची निवडही आपल्याकडे येते. बेडूक तक्रार करीत नाही. पुढ्यात हलेल ते गिळतो. म्हणून विचार करावयाचा, तो पाळणाऱ्यानेच. तेवढी तयारी नसेल, त्याने न्हाणीघराच्या भिंतीवरचा बेडूक दुरून पाहावा. त्यातही आनंद काही कमी नाही.