गोळी वेळेवर, तंबाखूही वेळेवर

१९८६ साली चेन्नईत देशातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले. पुढच्या पंधरा-अठरा वर्षांत महाराष्ट्रातल्या खेड्यांनी या आजाराकडे मरणाची चिठ्ठी म्हणूनच पाहिले. औषधे होती, पण परवडणारी नव्हती. अशा माणसाला ‘बिडी सोड’ असे कोण सांगणार? ‘राहिलंय किती, ओढू द्या,’ म्हणणारे घरचे लोक निष्ठुर नव्हते, हतबल होते. त्या काळाचा विचार करताना मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

२००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीने वर्षभराची औषधे ३५० डॉलरला देऊ केली आणि जगभरातले भाव कोसळू लागले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे, म्हणजे एआरटी, मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे उघडली. २०१७ पासून रक्तातल्या सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच औषध मिळू लागले. आज मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडचा माणूस रोज एक गोळी घेऊन शेती करू शकतो, मुलांची लग्ने लावू शकतो, नातवंडे खेळवू शकतो.

इथेच तंबाखूचा हिशेब उलटला. २०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार घेणारा ३५ वर्षांचा एचआयव्हीबाधित धूम्रपान करत असेल, तर एचआयव्हीमुळे त्याची सुमारे ५ वर्षे जातात आणि धूम्रपानामुळे १२. तिथली सिगारेट आणि आपली बिडी-तंबाखू वेगळी, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे लागू करता येणार नाहीत. पण आपल्याकडे क्षयरोग आहे. एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा मारेकरी तोच, आणि बिडी त्याला वाट मोकळी करून देते. त्यात हृदयविकार आणि कर्करोगाची भर.

महाराष्ट्रात तंबाखूचा वापर कमी झाला, हे खरे. राष्ट्रीय सर्वेक्षणात २००९-१० मध्ये ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. पण या आकड्याच्या पोटात शिरले की खरी गोष्ट कळते. ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणून ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला गालात तंबाखूची चिमूट असलेला माणूस ‘नाही’ म्हणतो आणि खोटेही बोलत नाही. मिसरी लावणाऱ्या बाईला तर ते व्यसन आहे असे वाटतच नाही. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पण चुना मळून खायच्या तंबाखूला तिने हात लावला नाही.

खेड्यात आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पारावर, पानठेल्यावर, वावरात काम थांबले की पुडी निघते आणि हात पुढे होतात. एखाद्याने एकाएकी ‘नको’ म्हटले की ‘का रे, डॉक्टरनं सांगितलं का?’ हा प्रश्न ठरलेला. ज्याने आपला आजार घरातल्या एक-दोघांपलीकडे कळू दिलेला नाही, त्याला हा प्रश्न तलफेपेक्षा जड जातो. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला. पारावर मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे ‘दात दुखतात’, ‘छातीत जळजळतं’ एवढे उत्तर पुरे, आणि समुपदेशकाने ते रुग्णाला आधीच सुचवून ठेवावे.

औषध न्यायला माणूस केंद्रावर येतोच. गोळ्या मोजल्या जातात, वजन घेतले जाते, खोकला-तापाची चौकशी होते. त्याच बैठकीत ‘बिडी? तंबाखू? मिसरी?’ असे नावे घेऊन विचारायला एक मिनिट लागते. पुढच्या खेपेला तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याचे वजन वाढते. हा प्रश्न गर्दीचे कारण सांगून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि जे स्वतः गोळी घेत आहेत त्यांना एवढेच सांगणे: इतकी वर्षे गोळी चुकवली नाहीत, म्हणजे जिद्द तुमच्यात आहे. तंबाखूच्या पुडीवर आणि बिडीच्या बंडलावर १८००-११-२३५६ हा व्यसन सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत. एकदा लावून बघा.