रात्रीची मैफल आणि बंद पाठीचे हेडफोन

वैद्यकीय व्यवसायातील रसिकाच्या वाट्याला संगीत येते ते बहुधा रात्री साडेदहानंतर. दवाखाना आटोपलेला असतो, घरातील मंडळी निजलेली असतात आणि दिवाणखान्यातील स्पीकर लावण्याची सोय उरलेली नसते. अशा वेळी हेडफोन हाच आधार. तो कोणता घ्यावा, ही चर्चा आपल्या मंडळींत नेहमी रंगते आणि उत्तरादाखल बहुधा एखाद्या कंपनीचे नाव पुढे येते. प्रस्तुत लेखकाच्या मते कंपनीच्या नावाआधी एक गोष्ट पाहावयास हवी : तो हेडफोन आपल्या स्वतःच्या कानांभोवती हवाबंद बसतो की नाही.

हेडफोनच्या वाटीत एक पातळ पडदा असतो. तो पुढेमागे हलू लागला की ध्वनी कानाकडे जातो, तसाच पाठीमागेही जातो. मागचा ध्वनी जाळीतून बाहेर सोडून दिला तर तो ‘ओपन-बॅक’ हेडफोन. वाटीची पाठ बंद ठेवून तो आतच अडवला तर ‘क्लोज्ड-बॅक’. पहिल्या प्रकारात गाणे अधिक मोकळे, समोरच्या बैठकीतून आल्यासारखे वाटते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ते गाणे शेजारी निजलेल्या व्यक्तीलाही ऐकू येते, आणि उन्हाळ्यात कूलरची घरघर आपल्या यमनात मिसळते. गृहस्थाश्रमी माणसाला म्हणूनच बंद पाठीचा हेडफोन बरा.

बंद वाटी आणि कान यांच्यामध्ये हवेची एक लहानशी कोठडी तयार होते. खालच्या स्वरांचा भरणा या कोठडीतील दाबावर अवलंबून असतो. कोठे फट राहिली की दाब निसटतो आणि नेमके खर्जाचे स्वर पातळ होतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. त्याच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झने कंप पावते. फट राहिल्यास ही तार ऐकू येतच नाही असे नव्हे. वरच्या अंशस्वरांवरून मेंदू मूळ स्वराची उंची ओळखतो. पण त्याचे वजन हरवते. आपल्या इंदुरात वाढलेले उस्ताद अमीर खाँ मंद्र सप्तकात विलंबित बढत करीत, तेथे हे वजन गेले तर उरते काय?

ही फट सर्वाधिक वेळा कशाने पडते? चष्म्याच्या काडीने! जाड काडी, कानामागचे दाट केस, झिजलेले कुशन ही तीन कारणे प्रमुख. दुकानात हेडफोन पाहताना रोजचाच चष्मा लावून बसावे. ओळखीची तानपुऱ्याची ध्वनिफीत लावावी आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच दाबाव्यात. दाबताच खर्ज एकदम भरून आला, तर तो हेडफोन आपल्या डोक्यावर नीट बसत नाही असे समजावे. मग त्याची कितीही ख्याती असो. दुसरी दक्षता आवाजाच्या पातळीची. दोन हेडफोनांची तुलना करताना जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, म्हणून आवाज सारखे करून घेतल्याखेरीज निवाडा देऊ नये.

या हवाबंदपणाचा संबंध केवळ रसास्वादाशी नाही. खर्ज पातळ वाटला, बाहेरचा गलबला आत आला, की हात आपोआप आवाज वाढविण्याकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह जे मानक प्रसिद्ध केले, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा धरली आहे. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला अवघे ५. रोज तासभर ऐकणारा श्रोता आवाज थोडा थोडा वाढवीत ८९ च्या पलीकडे सहज जातो. ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झच्या आसपास पडणारी खाच आपण रुग्णांच्या कागदावर पाहतोच. चांगल्या बसलेल्या हेडफोनचा खरा लाभ असा, की त्यावर हळू आवाजातही गाणे पुरते ऐकू येते.

मध्यम किंमत म्हणजे येथे साधारण सहा ते पंधरा हजार रुपये. या पट्ट्यात ध्वनिमुद्रणगृहांतून आलेली काही जुनी मॉडेल विश्वासार्ह आहेत. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा. वजनाला हलका आणि अत्यंत स्पष्ट, पण वरचे स्वर अंमळ टोकदार. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांची खरखर त्यावर बोचते. ऑडिओ-टेक्निकाच्या एम५०एक्सपेक्षा त्याचाच धाकटा एम४०एक्स ख्यालासाठी मला अधिक समतोल वाटतो. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज उत्तम अडवितो, परंतु कानशिलांवर त्याची पकड घट्ट. जबड्याच्या सांध्याचे दुखणे असलेल्यांनी विचार करावा. बेयरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोची मखमली कुशने सर्वांत सुखद आहेत. मात्र तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळतो; मोबाइलवर ऐकणाऱ्याने २५० ओहमच्या वाटेस जाऊ नये, आवाज अपुरा पडतो. नव्या मोबाइलना हेडफोनचे भोकच नसते, तेव्हा छोटा यूएसबी-सी अडॅप्टर घ्यावा लागेल. ‘नॉइज कॅन्सलिंग’ विमान-रेल्वेप्रवासात उपयोगी; रात्रीच्या शांत खोलीत तेच पैसे ध्वनीच्या गुणवत्तेवर खर्चावेत.

कुशनांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. नकली चामड्याचे कुशन काही वर्षांत कडक होऊन सोलू लागते, खर्ज उतरतो, आणि हेडफोन बिघडला असे समजून तो अडगळीत जातो. कुशन बदलून मिळते की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे. बंद वाटीत ऊब आणि घाम साचतो. बाह्यकर्णदाह किंवा बुरशीचा त्रास वारंवार होणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने कान मोकळे करावेत. श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांनी ते लावूनच हेडफोन पारखावा, कारण काही वाट्यांत यंत्र शिटी मारू लागते.

ज्यांची त्या रात्री इमर्जन्सी ड्यूटी असेल, त्यांनी मोबाइल कंपनावर ठेवून खिशात बाळगावा. चांगल्या बंद हेडफोनमधून टेबलावरच्या फोनची घंटी ऐकू येत नाही.