डीबीतलं ‘टी’ बटण

नुकत्याच स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या एका वाचकाने विचारलं आहे : डीबीचं, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीचं, झाकण उघडलं की एमसीबींच्या शेजारी एक रुंद स्विच दिसतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आहे. ते कशासाठी?

प्रश्न लाखमोलाचा आहे. घर ताब्यात घेताना आपण टाइल्स ठोकून बघतो, नळ सोडून बघतो, भिंतीला ओल आहे का ते चाचपतो. हे बटण मात्र वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही.

तो रुंद स्विच म्हणजे आरसीसीबी. बरेच वायरमन त्याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी जपतो तो वायरिंगला. गीझरचा एमसीबी सहसा १६ अँपिअरचा असतो. ओल्या अंगातून ०.२ अँपिअर वीज गेली तरी माणूस दगावू शकतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आरसीसीबीत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. सहलीला निघताना मास्तर मुलं मोजतात आणि परतताना पुन्हा मोजतात, एक जरी कमी भरलं तरी बस हलू देत नाहीत, तसंच हे. गेलेली वीज तेवढीच परतली, तर दोन्ही तारांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. थोडी वीज कुणाच्या अंगातून जमिनीत गेली की तोल बिघडतो, कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत प्रवाह उमटतो आणि स्विच पडतो. घरगुती आरसीसीबीला यासाठी ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो आणि काम सेकंदाच्या अंशात उरकतं.

माणसाला किती वीज सोसते, हे कुणीतरी मोजायला हवंच होतं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील या प्राध्यापकांनी ते मोजलं. स्वयंसेवकाच्या मुठीत तार द्यायची, प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि मूठ सोडवते का ते बघायचं! पुरुषांची सरासरी मर्यादा निघाली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. ‘विजेने धरून ठेवलं’ असं आपण म्हणतो, पण धरतात आपलेच स्नायू. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असतात आणि विजेने दोन्ही एकदम आवळले की मूठ मिटलेलीच राहते. पुढे १९६१च्या सुमारास डॅलझील यांनी ५ मिलिअँपिअरच्या गळतीवर पडणारा स्विच तयार केला. एडिसनचं नाव पोराटोरांना ठाऊक असतं. असंख्य जीव वाचवणाऱ्या संशोधनामागचा हा माणूस पाठ्यपुस्तकात यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागला की काही जण तो ‘डायरेक्ट’ करून देतात, म्हणजे त्याला वगळून तारा जोडतात. हा जिवाशी खेळ आहे. स्विच पडतोय याचा अर्थ बहुधा कुठेतरी वीज खरोखर गळतेय : गीझरच्या कॉइलमध्ये, बाहेरच्या दिव्यात किंवा ओल धरलेल्या बोर्डात. सगळ्या पिना काढा, स्विच वर करा आणि एकेक उपकरण लावत जा. बहुतेकदा दोषी सापडतो. काहीच लावलेलं नसताना पडला, तर ओल वायरिंगमध्ये असू शकते. मग वायरमनच हवा.

‘टी’ बटण मुद्दाम थोडी वीज कड्याला वळसा घालून नेते आणि स्विच पडतो की नाही ते दाखवते. वर्षानुवर्षं न हललेली आतली यंत्रणा जाम होऊ शकते, म्हणून हा खटाटोप. या बटणाने अर्थिंग मात्र तपासलं जात नाही. ते वायरमनकडून वेगळं तपासून घ्या. शिवाय एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर गेलेली वीज पूर्ण परत येते. तिथे आरसीसीबी वाचवू शकत नाही.

तेव्हा कॉम्प्युटर बंद करा आणि बटण दाबा. घर अंधारलं तर उत्तम. स्विच वर करा आणि दर महिन्याला हे करत जा. नाही अंधारलं, तर आरसीसीबी बदलून घेईपर्यंत गीझर लावू नका.