लोणारवर उडणारा गोंधळलेला कॅमेरा

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं आणि त्याची दृश्यं घरोघरच्या मोबाइलवर येऊन धडकली. कुठे पाणी फिकट गुलाबी दिसत होतं, कुठे थेट लालसर. रंग खरोखरच बदलला होता, यात शंका नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हे घडल्याचं सांगितलं. नासानं लँडसॅट-८ या उपग्रहाची २५ मे आणि १० जूनची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला. ती तुलना विश्वासाची, कारण उपग्रहावरच्या संवेदकाचं मोजमाप आधीच ठरवून पडताळलेलं असतं. समोर काळं रान आलं म्हणून तो उजेड वाढवत नाही. ड्रोनवरचा छोटा कॅमेरा नेमकं हेच करतो, तेही एकाच शॉटमध्ये.

बुलढाणा जिल्ह्यात या खोडीचा अनुभव घ्यायला लोणारसारखी जागा नाही. उल्केच्या आघातानं काळ्या बसाल्टमध्ये झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्याच्या उतारावर दाट झाडी, तळाशी आभाळाचा उजेड परतवणारं पाणी आणि पाण्याकाठी उन्हाळ्यात पांढरट दिसणारा क्षारांचा पट्टा. बहुतेकांच्या मनातला शॉट एकच असतो. काठावरून झाडीवर निघायचं, पाण्यापर्यंत जायचं आणि कॅमेरा हळूच वर उचलून पलीकडचं क्षितिज दाखवायचं. वीस-पंचवीस सेकंदांचा खेळ. कॅमेरा स्वयंचलित एक्स्पोजरवर असेल तर झाडीवर चित्र उजळतं, पाणी येताच अंधारतं आणि आभाळ दिसू लागलं की विवराचा उतार काळाठिक्कर पडतो. संकलनाला बसणारी मंडळी याला ‘एक्स्पोजर पंप होतंय’ म्हणतात.

यात कॅमेरा बिघडलेला नसतो. समोर काय आहे हे त्याला समजत नाही, एवढंच. चौकटीतल्या उजेडाची तो गोळाबेरीज करतो आणि ती मध्यम राखाडी छटेच्या आसपास आणायला बघतो. छायाचित्रणात ही छटा साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारी मानतात. गडद झाडी त्याला ‘कमी उजेड’ वाटते, पांढरं आभाळ ‘जास्त उजेड’. नांदुऱ्याच्या महामार्गालगतची १०५ फुटी पांढरी हनुमान मूर्ती चौकटभर घेतली, तर कॅमेरा तिला मळकट करून टाकतो. त्याच मूर्तीमागे चकचकीत आभाळ आलं की ती आणखी काळवंडते. अशा वेळी एक्स्पोजर भरपाईचा आकडा, म्हणजे ईव्ही, थोडा वर न्यावा लागतो. आभाळाचा तपशील हवा असेल तर उलट करावं लागतं, आणि दोन्ही एकदम हवं असेल तर दुपारी न जाणंच बरं.

स्थिर छायाचित्रात हा अंदाज चुकला तर एक फोटो बिघडतो. व्हिडिओत कॅमेरा शॉट सुरू असताना मत बदलतो आणि ते बदलणं प्रेक्षकाला दिसतं. आकाश थोडं उडालेलं किंवा सावली थोडी गडद असलेली डोळा चालवून घेतो. मधेच कुणी दिव्याचं बटण फिरवल्यासारखी हलणारी चमक नाही. म्हणून पहिला उपाय म्हणजे एक्स्पोजर लॉक. अनेक ड्रोनच्या ॲपमध्ये पडद्यावर बोट दाबून ठेवलं की ते जागीच थांबतं. त्याहून पक्का मार्ग मॅन्युअल मोडचा. आधी रेकॉर्डिंग न करता तोच प्रवास एकदा करून पाहायचा, सर्वांत उजळ क्षण कुठे येतो ते हेरायचं आणि तिथला उजेड जळणार नाही असे आकडे बसवायचे. उजळ भाग सांगायला हिस्टोग्राम किंवा झेब्रा पट्टे असतात. भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर डोळ्यांनी केलेला अंदाज फसवतो, त्यापेक्षा ते बरे.

लोणारला आणखी एक गोष्ट लॉक करावी लागते, ती म्हणजे व्हाइट बॅलन्स. तो ऑटोवर राहिला तर चौकटीत हिरवी झाडी किती आणि पाणी किती यावर पाण्याची छटाच सरकू शकते. एरवी हे खपून जातं. पण पाण्याचा रंग हीच बातमी असताना कॅमेऱ्यानं परस्पर केलेली रंगदुरुस्ती म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ. उन्हात साधारण ५५०० केल्विनवर तो बांधून ठेवला, तर निदान दोन दिवसांची दृश्यं एकमेकांशी ताडून पाहता येतात.

मॅन्युअलवर आलं की वैदर्भीय उन्हाचा हिशेब समोर येतो. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा: लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ छिद्राला शटर १/१०० सेकंद. पण बऱ्याच छोट्या ड्रोनचं छिद्र एफ/२.८ वर कायमचं अडकलेलं असतं. म्हणजे पाच पायऱ्या जास्त उजेड, आणि शटर १/३२०० वर. इतक्या झटपट शटरनं हालचाल तुटक वाटते. सेकंदाला २५ चौकटी घेताना १/५० च्या आसपासचं शटर डोळ्याला सुखावतं. १/३२०० वरून १/५० वर यायचं म्हणजे उजेड चौसष्टपट कापायचा. त्यासाठीच एनडी-६४ फिल्टर, कॅमेऱ्याचा गॉगल म्हणा. संध्याकाळी उतरत्या उन्हात एनडी-८ पुरतो. फिल्टर बदलायला ड्रोन खाली आणावा लागतो, म्हणून आळस होतो आणि मग एप्रिलमधली सगळी दृश्यं खडखडीत येतात.

लखलखणारी प्रत्येक गोष्ट ऑटो एक्स्पोजरच्या माथी मारू नये. सूर्य समोर आणि थोडा वर असेल तर फिरत्या पंखांची सावली भिंगावर पडते आणि चित्रात आडव्या पट्ट्या धावतात. लॉक करून त्या जात नाहीत. दिशा बदलावी लागते. रात्रीच्या रोषणाईत पुन्हा वेगळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बहुतेक लुकलुक गायब होते. स्वस्त एलईडी माळा मात्र कुठलाच नियम पाळत नाहीत.

लॉकलाही मर्यादा आहे. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, सिंदखेडराजाच्या राजवाड्यावर पहाट होताना उजेड स्वतःच मिनिटामिनिटाला वाढतो. पाच मिनिटांपूर्वीचे आकडे तिथे शिळे ठरतात. प्रत्येक शॉटआधी नवे आकडे आणि शॉट चालू असताना हात न लावणं, हा व्यवहार्य मार्ग. सलग लांब शॉट हवाच असेल तर पहाटेपुरतं ऑटोवर सोडणं शहाणपणाचं, कारण तिथे त्याचा बदल खऱ्या उजेडाबरोबरच चालतो.

बिघडलेली फीत काही प्रमाणात सावरता येते. दा विंची रिझॉल्व्हसारख्या प्रणालीत चमक जिथे उडी मारते तिथे की-फ्रेम टाकून ती उलट दिशेनं सरकवता येते. सावलीतला तपशील थोडा दाणेदार का होईना वर येतो. पांढरं फटक झालेलं आभाळ मात्र परत येत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते. लोणार हे वन्यजीव अभयारण्य असल्यानं ड्रोनसाठी वनखात्याची परवानगी लागते. ती मिळालेल्या दिवशी पहिली बॅटरी निव्वळ आकडे बसवण्यात गेली तरी चालेल. चित्रीकरण दुसऱ्या बॅटरीवर करावं.