हिरव्या पाण्याची राखण

पूजेची सुट्टी लागली की कोलकात्याची माणसं डोंगराकडे निघतात. गंगटोकच्या वर, 12,000 फुटांहून उंचावरच्या त्सोमगो तलावाशी जमणारी ती गर्दी मी पाहिली आहे. बर्फाच्या त्या गार पाण्यात शेवाळाला पुरेल इतकं अन्न नसतं, म्हणून ते नितळ. कोलकात्याचं स्वतःचं पाणी पाहायचं तर मात्र पूर्वेला, बांतल्याच्या बाजूला भेडीवर जावं.

भेडी म्हणजे सांडपाण्यावर मासे पोसणारं उथळ तळं. हिवाळ्यात ते उपसतात, तळ उन्हात वाळवतात, चिखल खालीवर करून चुना टाकतात. मग बांबूच्या जाळीतून कालव्याचं काळं पाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे थांबतात. मैल्यातलं अन्न सूक्ष्म शेवाळ खातं, उन्हात प्राणवायू सोडतं. दुर्गंधी ओसरते, पाणी हिरवं होतं. आधी थोडे मासे सोडून बघतात. ते तगले की रोहू, कटला, मृगल.

त्यानंतर सांडपाणी थोडं थोडं देत राहायचं. किती, हीच खरी विद्या. रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं, त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले की राखणदार आवक बंद करतो. एरवी पाण्याचा रंग आणि वास त्याला पुरतो. कडेने बांबूंनी अडवलेली जलपर्णी लाटांपासून बांध वाचवते, जड धातूही शोषते. आपल्या नद्यांमधून जी काढता काढता महापालिका थकतात, तीच ही! पकडलेले मासे ॲल्युमिनियमच्या हंड्यांतून, पाणी हाताने हलवत, जिवंतच लिलावाला जातात.

शहराचं सांडपाणी जातं कुठे, याचा माग काढत 1980च्या दशकात ध्रुवज्योती घोष हे सरकारी अभियंता इथे पोहोचले. शुद्धीकरण केंद्राचं काम मच्छीमार करत होते. घोष यांनी पुढचं आयुष्य या पाणथळीसाठी वेचलं. 1992 साली उच्च न्यायालयाने इथल्या भरावाला आळा घातला; 2002 साली 12,500 हेक्टर क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. सॉल्ट लेक उपनगर त्याआधीच हुगळीच्या गाळाचा भराव घालून उभं राहिलं होतं. अजूनही कडेकडेने भराव पडतो, ते पाहून जीव तुटतो.

भेडीवाल्यांची मागणी साधी आहे: बांतल्याला कालव्यावर जो दरवाजा आहे, त्याच्याशी पाण्याची पातळी उंच ठेवा. ती उतरली की लांबच्या भेड्यांना पंप लावावा लागतो, आणि डिझेलचा खर्च लहान भेडीला झेपत नाही.